टेंभरझरीची एकोणीस वर्तुळं

गुरुवार, २ डिसेंबर १९८२

हरदास साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं, फाइल पुढं सरकवली आणि म्हणाले, "काळबांडे, ही पाहणी तुम्हीच करा." अकरा वर्षं मी या खात्यात दुसऱ्यांचे नकाशे शाईनं गिरवतो आहे. स्वतःची पाहणी मिळाली ती आज, वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी.

खापरखेड्याच्या पलीकडं टेंभरझरी नावाचं गाव आहे. गावाला लागून सत्तर एकर झुडपी जंगल. सरकारला तिथं वीजप्रकल्पाची राख सोडायचं तळं करायचं आहे. जमीन ताब्यात घेण्याआधी तिथं जुनं काही आहे का, ते आमच्या खात्यानं सांगायचं. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिथं शिळावर्तुळं असल्याचं एका ओळीत लिहून ठेवलं आहे. शिळावर्तुळ म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची पुरण्याची जागा, भोवती मोठाल्या दगडांचं कडं. नागपूरच्या आसपास अशी पुष्कळ आहेत, लोक त्यांत गुरं चारतात.

साहेब म्हणाले, "दोन-चार किंवा पाच-सहा असतील तर मोजमाप घ्या, फोटो काढा, आपण जमीन मोकळी करू. डझनाच्या वर निघाली तर मात्र मला तळं दुसरीकडं हलवा म्हणून लिहावं लागेल. आकडा पक्का आणा." बोलताना त्यांनी नकाशा पाच मिनिटं उलटा धरला होता आणि मान डोलावत होते. मी गप्प बसलो. मला कायम करण्याचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर आहे.

मंगळवार, ७ डिसेंबर

पाय दुखताहेत, पण आज लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

खापरखेड्यापर्यंत एस.टी., पुढं दहा किलोमीटर भाड्याची सायकल. गावच्या कोतवालाला माझ्यासोबत दिलं आहे. लहानू त्याचं नाव, वय साठीच्या पुढं. टेपचं टोक धर म्हटलं की धरतो, सोड म्हटलं की सोडतो, मधे एक शब्द नाही.

सगळं रान पायी हिंडलो. एकोणीस वर्तुळं. नाल्याच्या अलीकडं, गावाच्या बाजूला तेरा, पलीकडं सहा. पहिलं दुबेळक्याच्या, म्हणजे दोन फांट्यांच्या, टेंभुर्णीखाली. दुसरं त्याच्या पूर्वेला चाळीस पावलांवर, दगड बावीस. तिसऱ्याच्या एका दगडावर वाटीएवढे अकरा खळगे कोरलेले, बोट फिरवून मोजले. चौथं वारुळाला लागून. पाचवं सगळ्यांत लहान, अवघे चौदा दगड, एका माणसाला ढकलता येतील असे. सहावं ते नववं नाल्याच्या काठानं ओळीनं. दहावं पळसांच्या गर्दीत. बाकी तीन पाऊलवाटेला लागून, गावच्या विहिरीकडं जाताना. सगळ्यांच्या मधली माती काळी आणि पोकळ.

डझनाच्या वर सात. तळं हलवावंच लागेल. माझ्या हातून एक मोठं काम होतं आहे, आणि ते कुणाला दिसत नाही म्हणून इथं लिहून ठेवतो.

बुधवार, ८ डिसेंबर

पांढऱ्या ऑइलपेंटनं प्रत्येक वर्तुळाच्या मोठ्या दगडावर क्रमांक घातला. आकडे छापल्यासारखे आले. तेरावर डबा संपला. पलीकडच्या सहांवर काही घालता आलं नाही.

बोरं वेचणाऱ्या चार-पाच बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक, भागीरथाबाई, पन्नाशीची असेल, तिनं विचारलं, "हे कायले लिवून राहिले जी भाऊ?"

म्हटलं, "मोजणी आहे, बाई. सरकारात नोंद होईल."

"मंग?"

"मग वरून हुकूम येईल."

ती दगडाकडं पाहत राहिली. म्हणाली, "मागल्या साली जंगलाच्या नाकेदारानं सागाच्या झाडाईवर असेच आकडे टाकले होते."

"अच्छा."

"त्याच्याहून तुमचे साजरे हायेत."

खेड्यातल्या माणसालाही चांगलं काम कळतं. आमच्या कचेरीत अकरा वर्षांत माझ्या आकड्यांना कुणी साजरे म्हटलं नव्हतं. येताना नाल्याच्या वाटेवर सागाची खुंटं दिसली, बरीच होती.

गुरुवार, ९ डिसेंबर

क्रमांक २ ची आतली मोजणी केली. मधोमध पालापाचोळ्याखाली एक पत्र्याचा खुळखुळा सापडला, जत्रेत मिळतो तसला, गंजलेला. शेजारी हिरव्या बांगडीचा तुकडा. 'अलीकडचा कचरा' अशी नोंद करून खुळखुळा झुडपात फेकला. लहानू उठला, झुडपात शिरून तो शोधून आणला आणि होता तिथं परत ठेवला. मी म्हटलं, अरे बाबा, कचरा आहे. तो म्हणाला, "राहू द्या जी." या लोकांना जागा स्वच्छ ठेवायचं महत्त्व कसं पटवावं कळत नाही.

भागीरथाबाई आजही आली होती. विचारू लागली, "आत खोदान का भाऊ?"

"गरज पडली तर खोदू. आत कोण पुरलंय ते कळायला हवं ना."

"ते सांगा लागते का?"

"तेच तर आमचं काम आहे, बाई."

ती उठून चालू लागली. बोरांची टोपली तिथंच विसरली. थोडी मी खाल्ली, गोड होती.

उद्या-परवा कचेरीचं काम. नकाशा सोमवारपासून.

सोमवार, १३ डिसेंबर

काहीतरी गोंधळ आहे.

क्रमांक ४ आणि ५ सापडत नाहीत. चौथं वारुळाला लागून होतं, हे मला नक्की आठवतं. वारूळ सापडलं. त्याच्या शेजारी बोरीच्या काट्यांचा ढीग आहे. पाचव्याच्या जागी मोकळी जमीन, पालापाचोळा, काही नाही. लहानूला विचारलं नाही. साहेबी थाटात पाच दिवस आधी आकडे घातले आणि आता 'दगड कुठं गेले' म्हणून कोतवालाला विचारायचं, हे बरं दिसत नाही.

मी शहरातला माणूस. एका झुडपासारखं दुसरं झुडूप दिसतं. उद्या नीट बघतो.

मंगळवार, १४ डिसेंबर

आज १, ४, ५, ८ आणि ११ नाहीत. दुबेळक्याची टेंभुर्णी आहे, पण तिच्याखाली गवताची गंजी आहे. आठ दिवसांपूर्वी होती का? मला आठवत नाही. असेलही. गंजी काही माझ्या कामाची गोष्ट नव्हती, लक्ष गेलं नसेल.

नाल्याच्या पलीकडची सहा जागच्या जागी आहेत.

जेवताना लहानूला आडून विचारलं, "का गा लहानू, गवत या दिवसांत इतक्या आत का रचता?"

"सोईचं पडते जी," म्हणाला आणि भाकर घ्यायला वाकला.

गुरुवार, १६ डिसेंबर

आज युक्ती केली. डाव्या खिशात बोराच्या एकोणीस बिया घेतल्या. वर्तुळ सापडलं की एक बी उजव्या खिशात. संध्याकाळी उजव्या खिशात दहा, डाव्यात नऊ. पुन्हा सगळं रान फिरलो, अंधार पडेतो. तरी दहाच.

माझे वडील, बापूजी, पंचावन्नाव्या वर्षी सीताबर्डीवरून भाजी घेऊन निघाले आणि दुसऱ्या दिवशी कामठी रोडला सापडले. त्याआधी दोन-तीन वर्षं छोट्या गोष्टी व्हायच्या. किल्ली इथं ठेवली होती म्हणायचे, ती तिथं नसायची. पैजेवर सांगायचे. शेवटी शेवटी मला विचारायचे, "आपण कोणाकडचे?" वैद्यानं तेव्हाच म्हटलं होतं की हे घराण्यात उतरतं.

हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

शनिवार, १८ डिसेंबर

प्रताप नगरच्या डॉक्टरकडं डोळे तपासले. चष्म्याचा नंबर आहे तोच आहे. म्हणजे डोळे नाहीत.

बायको, सुभद्रा, विचारत होती की जेवण का जात नाही. मी म्हटलं, उन्हातानाचं काम आहे. ती म्हणाली, "डिसेंबरात कुठलं ऊन जी?" तिच्यापासून लपवायला मी कधीच पटाईत नव्हतो. पण बापूजींचं सगळं तिनंच केलं, सहा वर्षं. तिला पुन्हा तेच सांगायचं कोणत्या तोंडानं?

मंगळवार, २१ डिसेंबर

सहा.

अलीकडची सगळी तेरा गेली. गेली कसली, ती नव्हतीच असं धरून चालायला हवं. दगड काय पाय फुटून जातात? आणि गंमत अशी की जी सहा उरली ती बिनआकड्याची. ज्यांना मी हात लावला तेवढीच नाहीत. खरोखर आकडे घातले असते तर रंग तरी कुठंतरी दिसला असता. एका दगडावर शेणमातीचा लपका होता, तो खरवडून पाहिला तर खाली पांढुरकं काहीतरी होतं. बुरशी असावी.

लहानूच्या शेताला नवा धुरा, म्हणजे बांध, घातला आहे, गोल गोल दगडांचा, चांगला मजबूत. साठीचा माणूस इतकं काम करतो आणि मला चौदा दगड सापडत नाहीत.

भागीरथाबाई वाटेत भेटली. "सापडत नाई का भाऊ काही?" म्हणाली. आवाज फार मायेचा होता. माझ्या तोंडावर दिसत असणार. म्हटलं, "सहा आहेत, बाई. सहाच." ती म्हणाली, "हाव, सहाच असन," आणि पदरातली ओंजळभर बोरं माझ्या पिशवीत टाकली.

बुधवार, २२ डिसेंबर

मोजणीच्या सरकारी वहीतलं सात तारखेचं पान फाडून चुलीत घातलं. एका वहीत एकोणीस आणि सहा दोन्ही आकडे दिसले तर हरदास साहेब पहिला प्रश्न माझ्या डोक्याविषयीच विचारतील. मग कायम होणं दूर राहिलं, आहे तेही जाईल.

अहवाल लिहिला. शिळावर्तुळं: सहा. अक्षर फार सुंदर आलं आहे.

शुक्रवार, २४ डिसेंबर

साहेब खूश. म्हणाले, "असं नेमकं काम हवं." अहवाल सोमवारी दुपारी जिल्हा कचेरीत जाईल, त्यानंतर आमच्या खात्याचं काही म्हणणं उरणार नाही. माझ्या प्रस्तावावर त्यांनी माझ्यादेखत सही केली. सुभद्रेसाठी हल्दीरामकडून अर्धा किलो संत्राबर्फी आणली. तिनं देवापुढं ठेवली. मी एकही तुकडा घेतला नाही.

पंचनाम्यावर लहानूचा अंगठा राहून गेला आहे. साहेबांनी ते फार मनावर घेतलं नाही, म्हणाले, रविवारी जाऊन घेऊन या. शाईचा पॅड पिशवीत टाकून ठेवला.

रविवार, २६ डिसेंबर

हे मी टेंभरझरीलाच लिहायला बसलो आहे, भागीरथाबाईच्या ओसरीवर. जसं झालं तसं लिहितो.

लहानूचा अंगठा घेतला. तो आज एकदम मोकळा वाटला, चहा घ्या म्हणाला. "कागद गेला का जी?" मी म्हटलं, उद्या जाईल. "सहाच लिवले ना?" हो म्हटलं. तो तिथूनच ओरडला, "भागीरथे, सहाच लिवले वं."

भागीरथाबाई धावत आली. माझे पायच धरायला निघाली होती, मी मागं सरलो. मला हाताला धरून रानात घेऊन गेली. वारुळाशेजारचा काट्यांचा ढीग तिनं आणि लहानूनं काठीनं बाजूला ओढला. खाली दगड होते. चौथं वर्तुळ, वारुळाला लागून, जिथं मी लिहिलं होतं तिथंच. शेणमाती ओल्या फडक्यानं पुसली तर माझा आकडा अर्धा खरवडलेला.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते खरं सांगायला हवं. मी वेडा झालो नाही, एवढंच वाटलं. मी तिथंच खाली बसलो आणि हसलो. ती दोघंही हसली.

मग ती सांगू लागली. "आमाले वाटलं सारं जाते. नाकेदारानं आकडा टाकला का महिन्यात ठेकेदाराचा ट्रक येते. एक साग ठेवला नाई त्यानं. तुमी आकडे टाकले, वरून म्हणे आत खोदाले पायजे. मंग आमी सगळ्या बायाईनं ठरोलं. आकडा पुसाचा, मोठ्यावर गंजी लावाची, लहान दगडं लहानूच्या धुऱ्यात. पलीकडं तुमी आकडे टाकले नाई, ते तसेच राहू देल्ले. तुमाले लय तरास झाला भाऊ, आमाले दिसे. पन कराव काय?"

माझं हसू कुठं गेलं कळलं नाही. मी म्हटलं, "बाई, आमचा आकडा न्यायला नव्हता. ठेवायला होता. एकोणीस लिहिले असते तर तळं दुसरीकडं गेलं असतं. आता सहाच आहेत म्हणून सगळी जागा जाईल. यावर राख पडेल."

तिला उमगायला वेळ लागला. "आकडा टाकला तं वाचते?"

"हो."

"तं तुमी तवा सांगतलं काहून नाई?"

मला कुणी विचारलंच नाही, असं तोंडात आलं होतं. पण तिनं विचारलं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, वरून हुकूम येईल.

मी विचारलं, "या दगडांचं तुम्हाला एवढं काय आहे?"

ती मला पाचव्याच्या जागी घेऊन गेली. मोकळी जमीन. म्हणाली, "इथं माही पोरगी हाय. नऊ दिवसाची होती."

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण टेंभरझरीच्या बाया आपली लेकरं या वर्तुळांत पुरतात. माती पोकळ लागते, खुरप्यानंही खड्डा होतो. आणि कड्याच्या आत कोल्हं शिरत नाही असं त्या मानतात. सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. अडीच हजार वर्षांच्या कबरी आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि त्यांनी बरोबर तेच काम त्या जागेला दिलं आहे.

बाया गोळा झाल्या. मी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी नीट, प्रत्येकीच्या प्रश्नाला थांबून. अडचणही सांगितली. उद्या दुपारी कागद जाणार. मी आता तेरा वाढवून सांगितली तर साहेब म्हणतील, गावानं तळं टाळायला नवी वर्तुळं रचली. दगड हललेले आहेत, आकडे पुसलेले आहेत, माझ्या सरकारी वहीतलं पान मी जाळलं. ही पहिल्यापासून इथंच होती याला पुरावा काय?

मग भागीरथाबाई म्हणाली, "कोनाचं लेकरू कोनत्या कड्यात ठेवलं अन कवा, ते सांगतलं तं?"

मी म्हटलं, चालेल. मला स्वतःलाच त्याचं एवढं बळ पहिल्यांदा कळलं नव्हतं. लेकरू सतरा वर्षांपूर्वी ठेवलं असेल तर कडंही सतरा वर्षांपूर्वीचं तरी आहेच.

पण त्यांना ते सोपं नव्हतं. कुणाच्या नवऱ्यालाही जागा ठाऊक नाही. पंचफुला नावाची तरणी बाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिला कुणी आग्रह केला नाही. कांताबाई, सगळ्यांत म्हातारी, पुढं सरकली आणि म्हणाली, "माही लिव पह्यले." जवळ सरकारी कागद एकही नव्हता, म्हणून याच वहीत लिहून घेतो आहे.

क्रमांक ९. कांताबाई, वय सत्तरच्या घरात. तीन. तिन्ही एकाच कड्यात, पळसाच्या अंगाला. शेवटचं ज्या वर्षी गावात देवीची साथ आली त्या वर्षी.

क्रमांक ५. भागीरथाबाई. मुलगी, नऊ दिवसांची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सतरा वर्षं झाली.

क्रमांक १. रुखमाबाई. मुलगा, सव्वा महिन्याचा. टेंभुर्णीच्या मुळापाशी. गावात विजेचे खांब आले त्या साली.

क्रमांक ३. गोपिका. मुलगी, जन्मताच. खळग्यांच्या दगडाला लागून. खळग्यात दूध ओतलं होतं.

मी सवयीनं नाव विचारलं. गोपिका म्हणाली, "बारसं झालं नाई तं नाव कुठून येन जी?" तो रकाना मग मी काढूनच टाकला.

क्रमांक ४, ६, ७, १०, १२ पुढच्या पानावर, अंगठ्यांसह.

शेवटी पंचफुला आपणहून उठून आली. क्रमांक २. मुलगा, पाच महिन्यांचा. गेल्या वर्षी, होळीच्या आधी. सोबत त्याचा खुळखुळा ठेवला होता. इतकं बोलून ती थांबली. मीच सांगितलं की तो मी फेकला होता आणि लहानूनं परत ठेवला. माझी मान वर होत नव्हती. ती म्हणाली, "तुमाले का ठाव होतं," आणि अंगठा पुढं केला.

दहा वर्तुळांची साक्ष झाली. ८, ११ आणि १३ विषयी कुणाला सांगता येईना, म्हणून ती मी साक्षीत धरली नाहीत. दहा आणि पलीकडची सहा मिळून सोळा होतात. डझनाच्या वर.

रविवार, संध्याकाळ, घरी

सुभद्रेला सगळं सांगितलं. सहाचा अहवाल, फाडलेलं पान, डोक्याची भीती, बाया. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. माझ्या डोक्याविषयी ती एवढंच म्हणाली की पंधरा दिवस एकट्यानं काहून घाबरत बसले. मग बराच वेळ सोलत राहिली.

मग म्हणाली, "आपलं तुम्ही कुठं नेलं होतं?"

एकवीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नाही. डफरिन दवाखान्यातून मी आणि बापूजी निघालो होतो, लेकराला पंच्यात गुंडाळून. मोक्षधाम घाटाच्या मागं नदीच्या अंगाला गेलो, एवढं आठवतं. खड्डा बापूजींनी घेतला. मी तोंड फिरवून उभा होतो. तिथं झाड होतं की भिंत होती, नदी किती पावलांवर होती, काही आठवत नाही. मी पाहिलंच नव्हतं.

तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बापूजीले माहीत असन." पण बापूजी तर सगळंच विसरून गेले.

थोड्या वेळानं तिनं मला जेवायला वाढलं. म्हणाली, उद्या ती वही देऊन टाका.

सोमवार, २७ डिसेंबर

साहेब अजून आलेले नाहीत. बाहेर बाकावर बसून लिहितो आहे. हे शेवटचं, आणि हे तुम्हालाच लिहितो आहे, हरदास साहेब.

अहवाल दुपारी जाऊ देऊ नका. त्यातला आकडा चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. सोबत ही वही देतो. अंगठ्यांची पानं फाडून द्यावीत असं रात्री मनात आलं होतं. पण फाडलेल्या कागदावर कुणी विश्वास ठेवू नये, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. शिवाय सात तारखेचं मोजमाप आता फक्त इथंच आहे, आणि त्याच्या पुढचं-मागचं वाचल्याशिवाय ते कसं हरवलं हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून अख्खी देतो. तुम्ही उलट्या धरलेल्या नकाशाविषयी मी जे लिहिलं ते खोडलं नाही. एक ओळ खोडली तर दुसरीही खोडली असेल असं कुणी म्हणू शकेल. माझ्या घरचंही यात आलं आहे. तेही तसंच राहू द्यावं, सुभद्रेची हरकत नाही.

प्रस्तावावरची सही तुम्हाला मागं घ्यावीशी वाटली तर मी समजू शकतो. मला ती नोकरी फार हवी होती, अजून हवी आहे.

एवढं मात्र करा, उद्या टेंभरझरीला या. बाया उद्या सकाळी गंज्या हलवणार आहेत आणि धुऱ्यातले दगड परत आणणार आहेत. मी त्यांना म्हटलं की साहेब येईपर्यंत कशाला हात लावू नका, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. त्या वाट पाहतील. जागा दाखवायला मी सोबत येईन. कुठं कुणाचं आहे ते मला आता वही न उघडता सांगता येतं.